महाबळेश्वरला जायचा रस्ता ज्या राजाने करून दिला, त्यालाच सातारा सोडून काशीत मरावं लागलं

शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली की जतमधल्या मित्रांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच चर्चा सुरू होते. यंदा कुठं? कुणी कोकण म्हणतं, कुणी गोवा म्हणतं, आणि शेवटी गाडी येऊन थांबते ती महाबळेश्वरवर.

साहजिक आहे. जत म्हणजे सांगली जिल्ह्याचं पूर्वेकडचं टोक, पर्जन्यछायेतला दुष्काळी तालुका. एप्रिल-मे महिन्यात इथं दुपारी बाराला रस्त्यावर माणूस दिसत नाही. आणि अडीचशे किलोमीटरच्या आसपास गाडी मारली की समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फुटांवर धुकं, गर्द झाडी, स्ट्रॉबेरी आणि मक्याची कणसं. कवठे महांकाळ, मिरज, सांगली, पेठ नाका, कराड, सातारा आणि मग मेढा-केळघरचा घाट. सकाळी लवकर निघालं तर दुपारी जेवायला वर.

वर पोचल्यावर पॉइंट बघायचे असतात. लॉडविक पॉइंट, एल्फिन्स्टन पॉइंट, आर्थर सीट, केट्स पॉइंट, विल्सन पॉइंट. सगळी नावं साहेबांची नाहीतर त्यांच्या घरच्यांची. त्यामुळे आपला समज असा होतो की महाबळेश्वर इंग्रजांनी शोधलं आणि इंग्रजांनीच वसवलं.

हे अर्धंच खरं आहे. कारण ज्या डोंगरावर साहेबांचे बंगले उभे राहिले तो डोंगर होता सातारच्या छत्रपतींचा. तिथवर गाडीरस्ता केला तो छत्रपतींनी. लोकांनी इथं येऊन राहावं म्हणून जाहीरनामा काढला तोही छत्रपतींनी. त्यांचं नाव प्रतापसिंह महाराज. पाहुण्यांसाठी त्यांनी एवढं केलं आणि दहा-बारा वर्षांनी त्याच पाहुण्यांनी त्यांना त्यांच्याच राजवाड्यातून रातोरात उचलून नेलं.

तर या राजाची ही गोष्ट.

राजा होता, पण कैदेत होता

प्रतापसिंह महाराजांचा जन्म १८ जानेवारी १७९३ चा. वडील सातारचे दुसरे शाहू महाराज. १८०८ मध्ये वडील गेले आणि वयाच्या पंधराव्या वर्षी प्रतापसिंह छत्रपती झाले.

पण छत्रपती म्हणजे तेव्हा फक्त नाव उरलं होतं. सगळा कारभार पुण्यात पेशव्यांच्या हातात. नव्या पेशव्याला वस्त्रं साताऱ्याहून जायची, पण वस्त्रं देणाऱ्या राजाला मात्र गडाबाहेर पडायचं तरी परवानगी लागायची. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात तर ही नजरकैदच होती.

१८१७ मध्ये बाजीराव आणि इंग्रजांचं युद्ध पेटलं. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली आणि बाजीरावाला पुणं सोडावं लागलं. छत्रपती इंग्रजांच्या हातात पडले तर आपला सगळा अधिकारच संपेल हे बाजीरावाला पक्कं माहीत होतं. म्हणून पळताना त्यानं राजाला सोबत घेतलं. राजाच्या घरातल्या काही माणसांना वासोट्यावर ठेवलं.

आज बामणोलीहून बोटीनं शिवसागर जलाशय ओलांडून ट्रेकर ज्या वासोट्याला जातात तोच हा किल्ला. आजही जंगलातून दोन-तीन तास चढल्याशिवाय तिथं पोचता येत नाही. तेव्हा तिथून पळून जाणं किती अवघड असेल, याचा अंदाज हा ट्रेक केलेल्या माणसाला सांगावा लागत नाही.

२० फेब्रुवारी १८१८ ला आष्टीची लढाई झाली. पेशव्यांचा सेनापती बापू गोखले त्यात पडला आणि प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. एप्रिलमध्ये एल्फिन्स्टननं त्यांना समारंभानं साताऱ्याच्या गादीवर बसवलं. एल्फिन्स्टन पॉइंटवाला तो हाच.

आता इंग्रजांना राजाचा एवढा पुळका का आला? तर पेशवाई बुडवल्यावर मराठी मुलुखात असंतोष पेटू नये, लोकांना वाटावं की आपला छत्रपती गादीवर आहे, हा त्यामागचा हिशोब होता.

मुलूख मिळाला, पण एका अटीवर

२५ सप्टेंबर १८१९ ला तह झाला. उत्तरेला नीरा आणि भीमा, दक्षिणेला वारणा आणि कृष्णा, पश्चिमेला सह्याद्री आणि पूर्वेला पंढरपूर-विजापूरपर्यंतचा मुलूख सातारच्या राज्यात आला.

तहात एक कलम होतं. राजानं बाहेरच्या कुठल्याही राजाशी किंवा सरदाराशी इंग्रज रेसिडेंटच्या मार्फतच बोलायचं. परस्पर पत्रव्यवहार करायचा नाही. हे कलम मोडलं तर राज्यावर पाणी सोडावं लागणार. हे कलम लक्षात ठेवा, कारण पुढं याच कलमानं घात केला.

सुरुवातीची काही वर्षं कारभार बघायला इंग्रजांनी ग्रँट डफला ठेवलं. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तो हाच ग्रँट डफ. त्याला छत्रपतींच्या दप्तरातले कागद बघायला मिळाले ते साताऱ्यातल्या याच मुक्कामात. १८२२ मध्ये कारभार पूर्णपणे महाराजांच्या हातात आला. तेव्हा ते २९ वर्षांचे होते.

नजरकैदेत वाढलेला माणूस राज्य मिळाल्यावर ऐषारामात बुडेल असं वाटणं स्वाभाविक होतं. झालं उलटंच. महाराज पहाटेपासून कामाला बसायचे, रोजनिशी ठेवायचे, हिशोब स्वतः तपासायचे. साताऱ्यात राजवाडा बांधला, शहरात रस्ते केले, शाळा काढल्या, छापखाना आणला. मराठा मुलांनी लिहावं-वाचावं, इंग्रजी शिकावं यासाठी खटपट केली. त्या काळात एखाद्या संस्थानिकानं असा विचार करणं ही मोठीच गोष्ट होती.

जतचं कर्ज आणि सातारचा राजा

या गोष्टीत जत कुठून आलं?

तर सातारच्या राजाच्या हाताखाली काही मोठे जहागीरदार होते. औंधचे पंतप्रतिनिधी, भोरचे पंतसचिव, फलटणचे निंबाळकर, अक्कलकोटचे भोसले आणि जतचे डफळे. डफळे हे मूळचे चव्हाण. डफळापूरची पाटीलकी त्यांच्याकडे होती, म्हणून नाव पडलं डफळे. विजापूरच्या आदिलशाहीच्या काळात त्यांना जत भागाची देशमुखी मिळाली आणि घराणं मोठं झालं.

पेशवाई बुडाल्यावर १८२० मध्ये इंग्रजांनी या जहागीरदारांशी वेगवेगळे करार केले. जहागिरी त्यांच्याकडे राहतील याची हमी इंग्रजांनी दिली आणि चाकरी मात्र सातारच्या राजाची. म्हणजे मालक एक आणि जामीन दुसराच. भांडणाचं बी इथंच पेरलं गेलं.

जतच्या डफळ्यांवर तेव्हा कर्जाचा बोजा होता. १८२७ मध्ये सातारच्या राजानं ही जहागीर जप्त केली. कारण एकच, उत्पन्नातून कर्ज फेडायचं. कर्ज फिटायला बरीच वर्षं गेली. १८४१ मध्ये जहागीर डफळ्यांना परत मिळाली, पण जप्ती करणारे प्रतापसिंह महाराज तेव्हा साताऱ्यात नव्हते. ते काशीत कैदेत होते.

एका साहेबाची डोंगरावरची भटकंती

आता पुन्हा महाबळेश्वरकडे येऊ.

इंग्रज यायच्या आधी इथं काहीच नव्हतं असं मुळीच नाही. क्षेत्र महाबळेश्वर म्हणजे आजचं जुनं महाबळेश्वर हे कित्येक शतकांचं तीर्थ. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानतात. खाली जावळीचं खोरं, समोर शिवरायांचा प्रतापगड. कोकणातून वर येणारी पारघाटाची वाट तर फार जुनी. म्हणजे यात्रेकरू येत होते, व्यापारी येत होते, सैन्य येत होतं. फक्त हवा खायला कुणी येत नव्हतं.

१८२४ च्या उन्हाळ्यात पीटर लॉडविक नावाचा एक इंग्रज अधिकारी डोंगर चढून वर आला. तो साताऱ्याच्या पलटणीत होता. खडकीच्या लढाईत लढलेला माणूस. दाट जंगलातून वाट काढत, कित्येक तास पायपीट करून तो एकटाच एका कड्याच्या टोकावर पोचला. समोर कोयनेचं खोरं आणि प्रतापगड. भर उन्हाळ्यात गार वारा. लॉडविक खूश झाला. इथली हवा आजारी माणसाला मानवेल असं त्यानं मुंबईच्या लोकांना कळवलं.

आजचा लॉडविक पॉइंट तो हाच. तिथं त्याच्या मुलानं १८७४ मध्ये उभारलेला स्तंभ आहे. डोंगरावर पाय ठेवणारा पहिला युरोपियन असं त्यावर लिहिलेलं आहे. पहिला युरोपियन, पहिला माणूस नव्हे. फोटो काढताना हा फरक ध्यानात ठेवायला हवा.

पण नुसती हवा चांगली असून भागत नाही. तिथं पोचायचं कसं? मुंबईच्या साहेबाला आणि त्याच्या मडमेला काही जंगलातून चालत जाता येणार नव्हतं. रस्ता पाहिजे होता.

हा रस्ता प्रतापसिंह महाराजांनी करून दिला. १८२६ मध्ये जॉन ब्रिग्ज हा साताऱ्याचा रेसिडेंट होता. त्यानं डोंगरावर स्वतःला राहायला घर बांधलं आणि महाराजांना रस्त्याची गळ घातली. महाराजांनी आपल्या राजधानीपासून थेट डोंगरमाथ्यापर्यंत गाडी जाईल असा रस्ता बांधला. ना डांबर, ना सुरुंगाची आजच्यासारखी सोय. कुदळ, पहार आणि माणसांच्या जोरावर सह्याद्रीत काढलेला रस्ता.

माल्कमची पेठ आणि खंडाळ्याचा सौदा

१८२७ च्या अखेरीस सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर झाला. १८१८ मध्ये बाजीरावाची शरणागती घेतली होती ती यानंच. माल्कमला महाबळेश्वर फार आवडलं. १८२८ मध्ये त्यानं आजारी गोऱ्या शिपायांसाठी इथं एक दवाखाना सुरू करून पाहिला. शिपाई बरे होऊ लागले. मग बंगल्यांच्या जागा ठरल्या.

अडचण एकच. जमीन सातारच्या राजाची. मग १८२९ मध्ये सौदा झाला. महाराजांनी महाबळेश्वरचा हा भाग इंग्रजांना दिला आणि बदल्यात वाई भागातलं खंडाळा गाव घेतलं. हे खंडाळा लोणावळ्याजवळचं नाही बरं का. पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाटाच्या अलीकडं जे लागतं ते खंडाळा. म्हणजे पुण्याहून महाबळेश्वरला जाणारे लोक ज्या गावाशेजारून जातात, त्याच गावाच्या बदल्यात महाबळेश्वर गेलं.

महाराजांनी व्यापाऱ्यांना आणि इतर लोकांना नव्या वस्तीत येऊन राहायचं आवाहन केलं. वस्तीला नाव दिलं माल्कम पेठ. आज महाबळेश्वरची जी मुख्य बाजारपेठ आहे, जिथं चप्पल, चिक्की आणि जेली-जॅम घ्यायला झुंबड उडते, ती वाढली या पेठेतून.

पुढं गाव झपाट्यानं मोठं झालं. १८३४ च्या सुमारास इथं चिनी आणि मलाय कैद्यांचा तुरुंग आला. या कैद्यांनी रस्ते केले, बटाटे आणि युरोपातल्या भाज्या पिकवल्या, वेताच्या वस्तू विणल्या. मुंबईचं सरकार उन्हाळ्यात इथं मुक्कामाला येऊ लागलं. मुंबईतला उकाडा चुकवायला गव्हर्नर, त्याचे सचिव, फौजेचे अधिकारी सगळे वर.

आणि या सगळ्यांना वर यायला रस्ता कुणाचा? महाराजांचा.

कौतुकाची तलवार पोचलीच नाही

इथवर सगळं छान चाललं होतं. मग बिनसलं कुठं?

पहिलं कारण जहागिऱ्या. जहागीरदार आपल्या हाताखाली आहेत, वारस नसलेली जहागीर आपल्याकडं यायला हवी, असं महाराजांचं म्हणणं होतं. मुंबई सरकारला हे मान्य नव्हतं. महाराज तहाचं कलम काढून दाखवायचे. मुंबईतून उत्तर यायचं नाही, आलं तर उडवाउडवीचं. महाराजांचा स्वभाव असा की आपलं बरोबर आहे असं वाटलं की ते मागं हटायचे नाहीत. मग मुंबई आपलं ऐकत नाही म्हटल्यावर त्यांनी लंडनला वकील पाठवायचं ठरवलं. मुंबईच्या साहेबांना हे सगळ्यात जास्त झोंबलं.

दुसरं कारण घरातलं. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंना वेदोक्त संस्कारांचा अधिकार आहे की नाही यावर साताऱ्यात मोठा वाद पेटला. महाराज कायस्थांच्या बाजूनं उभे राहिले. सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन आणि बाळाजीपंत नातू विरुद्ध बाजूला. नातू हे इंग्रजांच्या खास मर्जीतले. महाराजांना शत्रू वाढत गेले, आणि ते दूरचे नव्हते. धाकटे भाऊ शहाजी उर्फ आप्पासाहेब यांच्याशीही दुरावा आला.

गंमत बघा. त्याच सुमाराला, १८३५ च्या अखेरीस, लंडनमधल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी प्रतापसिंह महाराजांचा कारभार उत्तम चालला आहे म्हणून त्यांना एक तलवार भेट द्यायचं ठरवलं. सोबत कौतुकाचं पत्र लिहिलं. पण मुंबई सरकारनं हे कौतुक महाराजांपर्यंत पोचूच दिलं नाही. कारण इकडं त्यांच्याविरुद्ध वेगळीच फाईल तयार होत होती.

डोंगर चढणारा लॉडविक पुन्हा येतो

१८३६ मध्ये महाराजांवर आरोप आला की त्यांनी साताऱ्यातल्या इंग्रजी पलटणीतल्या देशी सुभेदारांना फितवायचा प्रयत्न केला. पुढं आणखी दोन आरोप चिकटले. एक, गोव्याच्या पोर्तुगीजांशी संगनमत. दुसरा, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी गुप्त पत्रव्यवहार. तिन्ही आरोप जाऊन भिडत होते तहातल्या त्याच कलमाला.

ऑक्टोबर १८३६ मध्ये साताऱ्यात गुप्त चौकशी बसली. चौकशी मंडळात तीन इंग्रज होते. विलोबी, ओव्हान्स आणि तिसरा होता साताऱ्याचा तेव्हाचा रेसिडेंट.

या रेसिडेंटचं नाव पीटर लॉडविक.

होय, तोच. बारा वर्षांपूर्वी जो एकटा जंगलातून डोंगर चढला होता, ज्याच्या शब्दामुळं महाबळेश्वरचं नाव मुंबईत पोचलं, तोच आता रेसिडेंट होऊन साताऱ्यात बसला होता. ज्याच्या मुलखात तो भटकला त्याच राजाची चौकशी आता त्याच्यासमोर चालली होती.

आरोपी राजाला साक्षीदार तपासायची धड संधी मिळाली नाही. पुराव्याचे कागद त्यांना हवे तसे दाखवले गेले नाहीत. १८३७ मध्ये लॉडविकच्या जागी ओव्हान्स रेसिडेंट झाला आणि नवे नवे कागद, नवे नवे साक्षीदार उभे राहू लागले. पोर्तुगीजांच्या मदतीनं सातारचा राजा इंग्रजांना हाकलणार होता ही गोष्ट तेव्हाच्या गोव्याची ताकद पाहता पटण्यासारखी नव्हती. इंग्लंडमध्येही कित्येकांनी ती पटत नसल्याचं उघड सांगितलं.

एक सही केली असती तर

१८३९ मध्ये सर जेम्स कर्नाक मुंबईचा गव्हर्नर झाला. ऑगस्टमध्ये तो स्वतः साताऱ्याला आला. त्यानं महाराजांपुढं एक कागद ठेवला. झालं ते चुकलं असं मानायचं, पुढं तह पाळायचं कबूल करायचं आणि इंग्रजांच्या अटी मान्य करायच्या. बदल्यात सगळं माफ. राज्य राहील, राजवाडा राहील, गादी राहील.

व्यवहारी माणसानं सही केली असती. आजूबाजूच्या कित्येक संस्थानिकांनी याहून वाईट कागदांवर सह्या केल्या होत्या. कर्नाकलाही वाटत असणार की राजा शेवटी वाकेल.

महाराजांनी नकार दिला. आपण जे केलंच नाही त्याची माफी मागायची कशी, हा त्यांचा साधा मुद्दा. उघड चौकशी करा, पुरावे समोर ठेवा, मग काय ती शिक्षा द्या. राज्य गेलं तरी चालेल, पण खोट्या गुन्ह्याची कबुली देणार नाही, यावर ते ठाम राहिले.

५ सप्टेंबर १८३९ ला त्यांना पदच्युत केलं. ओव्हान्स फौज घेऊन रात्री राजवाड्यात शिरला. महाराजांना झोपेतून उठवून पालखीत बसवलं आणि साताऱ्याजवळच्या लिंब गावी नेलं. आज बारामोटेच्या विहिरीचे रील करायला लोक ज्या लिंबला जातात तेच हे गाव.

साताऱ्यात एक गोळी सुटली नाही. महाराजांनी आपल्या माणसांना हत्यार उचलू दिलं नाही. पोर्तुगीजांची फौज बोलावून बंड करायचा आरोप ज्या राजावर होता, त्यानं स्वतःच्या राजवाड्यातही प्रतिकार केला नाही.

गादीवर धाकट्या भावाला, शहाजी उर्फ आप्पासाहेबांना बसवलं.

काशीची वाट

पुढं महाराजांना काशीला पाठवलं. कुटुंब आणि काही निष्ठावान माणसं सोबत निघाली. चुलतभाऊ बाळासाहेब सेनापती यांच्यावर जायची सक्ती नव्हती, तरी ते स्वखुशीनं निघाले आणि वाटेतच मरण पावले. सह्याद्रीच्या गारव्यात वाढलेल्या माणसांना उत्तरेतला तो प्रवास सोसला नाही.

साताऱ्यात राहिलेल्यांनीही हार मानली नाही. रंगो बापूजी गुप्ते हे महाराजांचे वकील. ते लंडनला गेले आणि थोडीथोडकी नाही, चौदा वर्षं तिथं ठाण मांडून बसले. कंपनीच्या भागधारकांच्या सभा, पार्लमेंटचे सदस्य, वर्तमानपत्रं, पुस्तिका, जिथं जिथं दाद मागता येईल तिथं त्यांनी मागितली. काही इंग्रज खासदारांनी आणि भागधारकांनी महाराजांची बाजू हिरीरीनं मांडली. पण मतदान झालं की निकाल ठरलेलाच असायचा.

काशीत महाराज वाट बघत राहिले. मागणी तीच. राज्य द्या असं नाही, आधी चौकशी करा. ती चौकशी कधीच झाली नाही. ऑक्टोबर १८४७ मध्ये काशीतच त्यांचा मृत्यू झाला. वय ५४. साताऱ्यातून निघाल्यावर त्यांनी सह्याद्री परत पाहिला नाही.

पुढच्याच वर्षी, एप्रिल १८४८ मध्ये आप्पासाहेबही वारले. त्यांना औरस वारस नव्हता. मरणापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता, पण लॉर्ड डलहौसीनं तो मानला नाही आणि राज्य खालसा केलं. दत्तक वारस नामंजूर करून संस्थानं गिळायचं जे धोरण पुढं झाशीपर्यंत गेलं, त्याचा पहिला मोठा घास होता सातारा.

राज्य गेल्यावर जतसारख्या जहागिरी थेट इंग्रजांच्या अखत्यारीत आल्या आणि संस्थान म्हणून १९४८ पर्यंत टिकल्या. म्हणजे राजा गेला, राज्य गेलं, आणि कर्जात बुडालेली जहागीर मात्र शंभर वर्षं टिकली.

मागे काय राहिलं

आज महाबळेश्वरला गेलं की वेण्णा तलावात बोटिंग होतं. तो तलाव १८४२ मध्ये बांधला आप्पासाहेब महाराजांनी. मोठ्या भावानं रस्ता केला, धाकट्यानं तलाव. पण पॉइंटच्या पाट्या वाचल्या तर त्यावर बहुतेक साहेबांचीच नावं. लॉडविक आहे, माल्कमची मुलगी केट आहे, एल्फिन्स्टन आहे. बॉम्बे पॉइंटच्या बाजूला कर्नाक नावाचाही पॉइंट आहे.

महाराजांचं नाव टिकलं ते खाली साताऱ्यात, एका शाळेला. राजवाड्यातल्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा नावाच्या एका मुलाचं नाव दाखल झालं. तो मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. गोरगरिबांच्या पोरांनी शिकावं म्हणून धडपडलेल्या राजाचं नाव शाळेला लागलं, हे ठीकच झालं.

आणि जतचं काय? महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा वाईवरून खाली येते. माहुलीला तिला वेण्णा मिळते, कराडला कोयना मिळते. हे पाणी सांगलीवरून मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला पोचतं आणि तिथून मोठाल्या पंपांनी टप्प्याटप्प्यानं उचलून जत तालुक्याकडं येतं. पूर्व भागातली गावं या पाण्यासाठी वर्षानुवर्षं भांडत आली आहेत. म्हणजे जतच्या माणसाचं महाबळेश्वरशी नातं फक्त विकेंडपुरतं नाही. ज्या डोंगरावर तो गारवा शोधायला जातो, तिथलंच पाणी त्याच्या शेतात यावं म्हणून तो वाट बघत असतो.

पुढच्या वेळी केळघरचा घाट चढताना गाडीत पोरांनी विचारलं की हे महाबळेश्वर कुणी वसवलं, तर माल्कमचं नाव सांगायला हरकत नाही. लॉडविकचंही सांगा. पण त्याआधी साताऱ्यात राजवाड्यासमोर दहा मिनिटं गाडी थांबवा आणि प्रतापसिंह महाराजांचं नाव सांगा. एका सहीत राज्य वाचत होतं तरी खोटी कबुली न देणारा राजा इथं राहत होता, आणि महाबळेश्वरला पहिला गाडीरस्ता त्यानंच करून दिला होता.